खाली एक ओळ मोकळी

नेत्रावळीला, काजू खरेदीच्या सोसायटीत
मी पेनड्राइव्ह घेऊन पोचले तेव्हा
काट्यासमोर पोत्यांची रांग लागली होती
आणि पुनो वेळीप खडूने
भिंतीवर वजनं लिहीत होता.
'बाय, हांगा रेंज ना.'
'नको रेंज,' मी म्हटलं, 'सगळं आत आहे.'

गेल्या साली दिलेला प्रोग्राम काजूसारखा होता,
बोंड एकीकडे, बी बाहेर लोंबती.
छपाई एका फोल्डरात, हिशोब दुसऱ्यात;
गाण्यांना जागा हवी म्हणून
कुणीतरी त्यातलं एक पुसलं
आणि ऐन एप्रिलात काटा मुका झाला.

यंदा मी फणस आणला.
एकच फाईल, बावीस एमबी,
आत गरे, प्रत्येक गरा आपल्या पापुद्र्यात, आठळीसकट.
झिपच्या आत झिप.
जावाला असले गरे सोलता येत नाहीत,
म्हणून हाताला तेल लावून बसलेला एक लोडर
मीच आत घातला.
दारावर पाटी त्याची.
माझा 'वजन' नावाचा वर्ग मागे उभा,
कुणी बोलावील तेव्हा.

सचिव नकुळबाबांनी चष्मा वर सरकवला:
'पण हे चालू कुठून होतं?'

खरं सांगायचं तर दोन्हीकडून.
शेल वरून वाचतो. पहिल्या चार ओळी साध्या अक्षरांच्या:
जावाला उठव,
त्याच्या हाती हीच फाईल दे
आणि तू जा.
तो जातो. खाली काय माजलंय
त्याने कधी पाहिलेलं नाही.
जावा तळापासून वाचतो,
कारण झिपची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते.
एकाच घरात दोन भाडेकरू,
एकाचा जिना पुढून, एकाचा मागून,
जन्मात गाठ नाही.

हे मी नकुळबाबांना सांगितलं नाही.
म्हटलं, 'आधी हिला चालायची परवानगी द्यावी लागते.'
परवानगी हा शब्द त्यांना पटला.
दिली. एक बिट.
त्यांच्या शिक्क्याला याहून जास्त शाई लागते.

मग पडद्यावर एकच वाक्य:
मुख्य कोण, ते लिहिलेलं नाही.

कसं नाही?
लॅपटॉपवरच्या माझ्या मजकुरात ती ओळ होती,
सगळ्यात शेवटी, ठळक, बिनचूक.
फाईलीच्या पोटात नव्हती.
सात वेळा वाचली. पंखा गेला, आला.
पोत्यावर बसलेल्या बाईने विचारलं, 'चलता?'
मी मान हलवली, कुठल्याही अर्थाने घेता येईल अशी.

पुनोचा एक रकाना भरला होता.
शेवटच्या आकड्याखाली त्याने आडवी रेघ ओढली,
खडूचा किस खाली पडला.
'ती कशाला?'
'रेघ मारूंक ना जाल्यार
निमाणें वजन कोण धरिना.'

मी भिंतीकडे पाहत राहिले.

बांधणारं हत्यारही तसंच असतं.
ओळ संपल्याची खूण नसेल
तर शेवटची ओळ ते धरत नाही,
तक्रारही करत नाही, गाळून पुढे जातं.
मजकुराच्या टोकाला कर्सर नेला,
एंटर मारलं. एकदा.
पुन्हा बांधलं, पुन्हा परवानगी,
आणि प्रिंटर घसा खाकरून बोलू लागला.

पावती पहिली: सावित्रें वेळीप,
एकेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.
पुनोने ती भिंतीला लावून धरली.
भिंतीवर साडेएकेचाळीस.
'वण्टी खरी,' तो म्हणाला,
आणि खडू खिशात टाकला,
फेकला नाही.